पोरं, बिझनेस क्लास आणि महालक्ष्मीचा कूपे

माझं माहेर सांगली, सासर सातारा आणि संसार लंडनला. दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन यायचं हे ठरलेलं. नवरा मागून येतो, त्यामुळे प्रवासात दोघांना सांभाळायला मी एकटीच. थोरली आता सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. ऑफिसच्या दौऱ्यांचे पॉइंट साठले होते, त्यावर गेले तीन उन्हाळे आम्ही बिझनेस क्लासने आलो. एवढे पॉइंट मुलांवर घालवावेत का, असं मैत्रिणी विचारतात. त्यांच्यासाठी हे.

१. सीट निवडताना आधी नकाशा बघा. लांब पल्ल्याच्या बऱ्याच विमानांत बिझनेस क्लासची रांग एक-दोन-एक अशी असते. खिडकीची सीट एकटी आणि खांद्यापर्यंत भिंती. काही ठिकाणी तर सरकतं दारही. मोठ्या माणसाला यासारखं सुख नाही. मी पहिल्या वर्षी थोरलीला हौसेनं खिडकी दिली आणि बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसले. दिवे मालवल्यावर थोड्या वेळानं भिंतीवर टकटक ऐकू आली. आधी हळू, मग जोरात. उठून बघितलं तर पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "आई, तू दिसत नाहीस," एवढंच म्हणाली. तिची आई फक्त दीड हातावर होती, पण दिसत नव्हती. उरलेली रात्र तिघांनी एकाच सीटवर काढली. तेव्हापासून मधल्या जोडसीटच घेते आणि मधला पडदा खाली करते. भारतातल्या विमान कंपन्यांना डीजीसीएनं २०२४ साली सांगितलं आहे, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईबाबांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्यावी. पण ‘शेजारी’ म्हणजे नजरेसमोर असतंच असं नाही. ते आपणच बघून घ्यायचं. साध्या वर्गात तीन सीट ओळीनं मिळाल्या आणि सीटमधले हात वर करता आले, तर लहान मुलं त्यात जास्त निवांत झोपतात, हेही मी प्रामाणिकपणे सांगेन.

२. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेतलं तरी आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे साधारण १० टक्के भरावे लागतात आणि ते बिझनेसच्या भाड्याचे. शिवाय काही सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते, तिथे मांडीवर बाळ चालत नाही. पाळणाही ठरावीक जागीच लागतो. बुकिंगच्या वेळी फोन करून विचारावं.

३. कानांची काळजी उतरण्याआधी घ्या. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावी तशी ठेवलेली असते, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही विरळ. उतरताना हवेचा दाब वाढत जातो आणि तो कानात सारखा व्हायला गिळावं लागतं. झोपलेलं मूल फार कमी गिळतं. महागड्या वर्गात माणसाची झोप मोडू नये म्हणून कर्मचारी शेवटपर्यंत उठवत नाहीत, आणि मूल जागं होतं ते थेट ठणक्यानं. म्हणून मी रात्रीच सांगून ठेवते, उतरायला तासभर असताना आम्हाला उठवा. धाकट्याला दूध, थोरलीला घोटघोट पाणी आणि वर साताऱ्याचा कंदी पेढा. लंडनला तो मी घरीच खवा आटवून करते. तो पेढा जिभेवर विरघळत राहतो, पोरगी गिळत राहते. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना मात्र दाखवावंच.

४. जेवण आपलंच न्या. काचेच्या भांड्यांतलं चार पदरी जेवण येईपर्यंत लेकरं भुकेनं रडवेली होतात. मऊ गुरगुट्या भात आणि मेतकूट, बस.

५. खरा प्रवास मुंबईला उतरल्यावर सुरू होतो. सांगलीजवळ कवलापूरला आणि सातारा जिल्ह्यात कराडला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान उतरत नाही. पहिल्या वर्षी मी विमानतळावरून थेट गाडीनं सांगली गाठायला निघाले. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा आपल्या वाट्याला नव्हता, घाटच चढायचा. तिसऱ्या वळणावर थोरलीला उलटी झाली, मग धाकट्यानं सूर धरला. पेठनाक्याला पोचेस्तोवर दोघांना ताप. नऊ तास आडवं झोपून आलेली माझी पोरं त्या गाडीत मोडली. तेव्हा कळलं की सोय कुठे विकत घ्यायची यातच मी चुकले होते.

६. आता आम्ही संध्याकाळपर्यंत दादरला मामेबहिणीकडे थांबतो आणि रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघतो, फर्स्ट एसीनं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, म्हणून आमची तिकिटं दोनच. दोघांचा कूपे मिळतो की चौघांची केबिन, ते चार्ट लागल्यावरच कळतं. गेल्या वर्षी कूपे मिळाला. आतून कडी लावली, निळा दिवा ठेवला, खालच्या बर्थवर दोघांना उलटसुलट झोपवलं. मी वर चढलेच नाही, त्यांच्या पायाशी बसून राहिले. इथेही दार होतं, पण आम्ही तिघं दाराच्या एकाच बाजूला होतो.

सांगलीला भाचीचं लग्न होतं, त्यामुळे साताऱ्याला नंतर जायचं ठरलेलं. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, फोनवर डबा कोणता ते तेवढं सांगितलं होतं. उत्तररात्री गाडी साताऱ्याच्या, म्हणजे माहुलीच्या स्टेशनात शिरली आणि दारावर हलकी थाप पडली. उघडते तर मफलर गुंडाळलेले आप्पा. शहरापासून एवढ्या लांब, त्या वेळी.

"उठवते, आप्पा."

"नगं नगं. झोपू दे. निस्तं बघून जातो."

चप्पल बाहेर काढून ते आत आले. वाकून दोघांकडे पाहिलं, धाकट्याचा पांघरुणाबाहेर आलेला पाय आत सारला, उशाशी पेढ्याचा पुडा ठेवला. गाडीनं शिटी दिली तसे उतरले. बंद काचेतून मला फक्त हात हलताना दिसला.

पहाटे सांगलीच्या अलीकडे थोरली जागी झाली आणि पुडा हुंगून म्हणाली, "आजोबा आले होते?"