थकलेल्या रक्षकपेशी

गोवरासारख्या आजारात शरीरात शिरलेल्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी झपाट्याने वाढतात. त्यांतील मारक पेशी विषाणुग्रस्त पेशींचा नाश करतात, आणि कार्यभाग उरकला की बहुतेक पेशी मरून जाऊन थोड्याशा स्मृतिपेशी मागे राहतात. एचआयव्हीच्या संसर्गात मात्र ही विसाव्याची पायरी येतच नाही. हा विषाणू आपला आनुवंशिक आराखडा पेशीच्या जनुकद्रव्यातच गुंफून टाकतो. त्यामुळे शरीर त्याला पुरते घालवू शकत नाही. या अखंड झुंजीचा रक्षकपेशींवर काय परिणाम होतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्युक माँतान्ये व त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली हा विषाणू वेगळा केला. साहाय्यक टी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ या प्रथिनाला चिकटून तो आत शिरतो, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला सुमारे ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली की एड्सची अवस्था आली असे मानतात. साहजिकच रोगाचे मोजमाप मुख्यतः संख्येवरून होऊ लागले. परंतु मारक पेशींना हा हिशेब लागू पडेना. त्या दीर्घकाळ विपुल असतात, विषाणूला ओळखतात, तरीही त्याला आवर घालू शकत नाहीत.

याचे एक प्रमुख कारण सततचे उद्दीपन हे होय. विषाणूची खूण वर्षानुवर्षे समोर राहिल्याने मारक पेशींचे गुण क्रमाक्रमाने लोप पावतात. विभाजनाची क्षमता मंदावते, इतर पेशींना जागे करणारी रसायने स्रवणे कमी होते आणि मारकशक्तीही क्षीण होते. या अवस्थेला शास्त्रज्ञ पेशींचा ‘थकवा’ म्हणतात.

या थकव्याची एक खूण म्हणजे पीडी-१ हे प्रथिन. क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली त्याचा शोध लागला. मुळात ते उपकारक आहे. पेशींचा आवेश अनावर होऊन शरीराच्याच ऊतींना इजा पोचू नये, म्हणून ते लगामाचे काम करते. २००६ साली दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या रक्ताच्या अभ्यासात असे आढळले की, रक्तात विषाणू जितके अधिक, तितके या मारक पेशींवरील पीडी-१ अधिक. प्रयोगशाळेत प्रतिपिंडांच्या साहाय्याने हा लगाम सैल करताच पेशींची वाढ पुन्हा सुधारली. म्हणजे त्या निकामी झालेल्या नव्हत्या. त्यांना आवरून धरलेले होते.

१९९६ पासून रूढ झालेल्या संयुक्त औषधोपचाराने विषाणूंची वाढ रोखली जाते, उद्दीपन ओसरते आणि पेशींचा थकवा काही अंशी उतरतो. उपचारास विलंब झाल्यास मात्र ही भरपाई अपुरी राहते. कारण बाहेरून काहीच त्रास जाणवत नसला, तरी उपचाराविना गेलेल्या वर्षांत आत ही झीज चालूच असते. म्हणूनच सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली. सुप्त पेशींत दडलेला विषाणू औषध थांबताच बहुधा काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतो. रक्षकपेशींना लाभलेला विसावा टिकवायचा, तर औषधांत खंड पडता कामा नये.