लाइन हाती आलेल्या भाच्यास

देवगाव रंगारी

चि. बापू,

वाळूजच्या कारखान्यात अख्खी लाइन तुझ्याकडे दिली, हे ताईने सांगितलं. फार आनंद झाला. पलटणीतलं काही कामाचं असेल तर कळवा म्हणालास, म्हणून लिहितो.

फौज म्हणजे दरडावणं आणि सॅल्यूट, असं गावात पुष्कळांना वाटतं. हुकूम देताना सेक्शन कमांडर काय करतो बघ. आधी जमिनीवरच्या खुणा दाखवतो. मग खबर, मकसद, तरीका असं क्रमाने सांगतो आणि शेवटी विचारतो, "कोई शक?" मकसद शेवटच्या जवानालाही ठाऊक हवा, कारण कमांडर पडला तर काम त्यालाच पुढे न्यायचं असतं.

याचं उदाहरण घे. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फंट्रीत साधे शिपाई होते, कंपनीचे निरोप पोचवणारे. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर त्यांची तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप नेलं. मग परत फिरून मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातबाँब घेतले. शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बांध घ्यायचा आहे, हे त्या शिपायाला पक्कं माहीत होतं.

तेव्हा शिफ्टच्या सुरुवातीला नुसता नगांचा आकडा सांगून मोकळा होऊ नकोस. माल कुठे जाणार, घाई कशाची, माप चुकलं तर पुढे काय बिघडतं, तेही सांग. मग शंका विचार. पहिली शंका काढणाऱ्यावर खेकसलास तर दुसरी कधीच येणार नाही.

पण फौजेतलं सगळंच तिकडे नेऊ नकोस. जवानाने शपथ घेतलेली असते. त्याचं रेशन, कपडे सरकार बघतं. तुझ्या कंत्राटी पोरांना यातलं काय आहे? त्यांना चारचौघांत झापायचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही. आधी त्यांची सोय बघ. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला पत्र लिहिलं, त्यात पराक्रमाच्या गोष्टी नाहीत. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नका, रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गंज्या पेटतील, इतकं बारीक त्यांनी लिहिलं. राज्य उभं करणारा माणूस उंदराचाही विचार करत होता! तू निदान हातमोजे फाटलेत का, ओव्हरटाइमचे पैसे पोचले का, रात्रपाळीला जेवण गरम मिळतं का, एवढं रोज बघ. पलटणीच्या लंगरातही आधी जवानांची ताटं वाढली जातात.

आणखी एक. नग वाढवायला प्रेसचा सेन्सर बंद करा, असं कधी वरून आलं तर ऐकू नकोस. आर्मी ॲक्टसुद्धा कायदेशीर हुकूमच पाळायला लावतो. त्या प्रेसखाली हात तुझ्या पोराचा असतो, वरच्या साहेबाचा नाही. नकार लेखी दे, तारीख घाल, एक प्रत स्वतःकडे ठेव. नोकरीची धास्ती वाटली तर रात्री कितीही वाजता मला फोन कर.

तुझा,
मामा