कण्हेर लावावी कशी, सांभाळावी कशी

गुलाबी डबल कण्हेरीला मंद गोड वास असतो. ती उन्हाला आणि पाण्याच्या ताणाला दाद देत नाही, म्हणून महामार्गांच्या दुभाजकातही फुलते. मात्र पान, फूल, खोड, मूळ, चीक सगळंच विषारी. त्यातलं ओलिअँड्रिन हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून हातमोजे हे लागवडीचंच साहित्य समजावं.

साहित्य : धारदार कात्री, हातमोजे, तळाला भोक असलेली 14 इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत.

कृती

1. आधी जागा ठरवा. किमान सहा तास ऊन हवं; सावलीत फांद्या नुसत्या लांबतात. रांगत्या मुलाचा हात आणि शेळी-गाईचं तोंड पोचेल अशी जागा नको.

2. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, 15 ते 20 सेंटीमीटरची निरोगी काडी पेराच्या खाली कापा. एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पानं दिसतील. वरची थोडी ठेवून बाकीची काढा.

3. चीक पुसून काडीचा खालचा अर्धा भाग ओलसर वाळू-मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. साधारण महिनाभरात मुळं धरतात. नवी पालवी नीट वाढली की कुंडीत हलवा आणि हळूहळू उन्हाची सवय करा.

4. वरची माती सुकली की पाणी द्या. पाणी साचलं तर मुळं कुजतात. खत बेतानं द्या. जास्त नत्रानं पानंच माजतात.

5. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. तरीही राहिला, तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

6. कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. म्हणून बहर ओसरला की फांद्या एक तृतीयांश छाटा. छाटण जाळू नका, धूरही विषारी असतो. गोठ्याजवळही टाकू नका. सुकल्यावरही विष उतरत नाही.

7. गणपतीच्या पत्रीत कण्हेरीचं पान असतं. ते जरूर वाहा, पण नैवेद्यापासून दूर ठेवा, कण्हेर ठेवलेल्या फुलदाणीतलं पाणी लगेच ओतून द्या आणि हात साबणानं धुवा.

कुणी चुकून पान-फूल खाल्लं तर उलटी करवण्यात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना दाखवायला झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असेल, तर कण्हेर अंगणात निर्धास्त लावावी.