पैगंबरवासी की मरहूम?

गेल्या वर्षी निपाणीच्या एका मैत्रिणीचे आजोबा वारले. जन्मभर तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिलेला माणूस. घरात दख्खनी, बाजारात मराठी. वर्गातर्फे फलकावर लावायचा श्रद्धांजलीचा मजकूर मी लिहिला आणि पेपरातल्या निधनवार्तांत वाचलेला शब्द सहज वापरला : 'पैगंबरवासी'. तिने वाचलं नि म्हणाली, "छान लिहिलंयस गं, पण आम्ही घरी 'मरहूम' म्हणतो."

त्या 'पण'पायी हे टिपण.

'पैगंबरवासी' हा कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी यांच्याच साच्यातला मराठी शब्द. त्यामागे मान आहे. पण साचा असं धरून चालतो, की माणूस गेला म्हणजे मुक्कामी पोचलाच. इस्लाममध्ये तो मुक्काम पैगंबरांच्या नावाने ओळखला जात नाही, आणि तिथे कोण पोचलं हे आपण ठरवायचं नसतं.

कुरआनातला नेहमीचा शब्द 'जन्नत', म्हणजे बाग. मूळ धातूचा अर्थ झाकणे. झाडांनी जमीन झाकलेली जागा ती जन्नत. 47व्या सूरेत तिथल्या पाणी, दूध, मद्य आणि मधाच्या नद्यांचं वर्णन आहे. दुसरा शब्द 'फिरदौस'. त्याचं मूळ जुन्या इराणी भाषेत, अर्थ कुंपण घातलेली बाग. तोच शब्द ग्रीकमधून लूकच्या शुभवर्तमानात आला. क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला येशूने जे वचन दिलं, त्यात तो आहे; मराठी बायबलमध्ये तिथे 'सुखलोक' वाचायला मिळतं. म्हणजे आपल्या दोघींच्या धर्मग्रंथांत एकाच बागेचं नाव आहे!

पण बागेत प्रवेश कसा? निवाडा कयामतच्या दिवशी, आणि तो अल्लाहचा. एका प्रसिद्ध हदीसनुसार पैगंबरांनी सांगितलं, की केवळ स्वतःच्या कर्मांच्या बळावर कोणीच जन्नतमध्ये जाणार नाही. तुम्हीसुद्धा नाही का, असं विचारल्यावर त्यांनी स्वतःलाही वगळलं नाही. अल्लाहची दया झाली तरच, असं ते म्हणाले. 'मरहूम' हा शब्द इथे कळतो. रहमान, रहीम यांच्याच धातूपासून तो आला : ज्याच्यावर दया झाली तो. बोलताना त्यात 'दया होवो' ही आशाच असते.

मग मी आमच्या घरातल्या शब्दाकडे पाहिलं. कॅथलिक चर्च फक्त संतांविषयी ठामपणे सांगतं, की ते स्वर्गात आहेत. बाकीच्यांसाठी आम्ही 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करतो. सगळे पोचलेच असते, तर ही प्रार्थना कशाला? 'ख्रिस्तवासी' लिहितानाही आम्ही खरं तर आशाच लिहीत असतो.

'पैगंबरवासी' लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. तो शेजाऱ्याने दिलेला मान आहे. फक्त लिहिण्याआधी घरच्यांना एकदा विचारावं. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फलकावरचा कागद बदलला. आजोबांच्या नावाआधी 'मरहूम' लिहिलं आणि खाली एकच ओळ : अल्लाह त्यांच्यावर दया करो.