विवाह : संस्कार, करार आणि आपली कसोटी

कार्तिक शुद्ध द्वादशी आली की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत घरोघरच्या अंगणांत तुळशीवृंदावन सजते. उसाची कांडी रोवतात, चिंचा व आवळे बांधतात, अंतरपाट धरतात, आणि तुळशीचे लग्न लागल्यावर मनुष्यांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. लहान मुलांना या लग्नाचे अप्रूप वाटते. वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र अलीकडे एक प्रश्न घोळत असतो. आजच्या काळाला विवाहाचे गांभीर्य उरले आहे काय? देशात समलिंगी विवाहाविषयी जो वाद झाला, त्याने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. अशा वेळी रागाने किंवा भयाने बोलण्यापेक्षा वस्तुस्थिती नीट समजून घेऊन विचार करणे हे सुज्ञपणाचे आहे. या पाठाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम प्रकरण काय ते पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाचा अर्थ मर्यादित केला आणि सज्ञान व्यक्तींचा संमतीने झालेला समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. पुढे काही जोडप्यांनी आपल्या सहजीवनाला विवाह म्हणून मान्यता मिळावी अशी मागणी न्यायालयात केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर त्यांचा मुख्य भर होता. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह करणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि कायद्याची शब्दरचना बदलणे हे न्यायालयाचे नव्हे, तर संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला विवाहाहून वेगळी अशी काही कायदेशीर मान्यता द्यावी काय, तसेच त्यांना एकत्रितपणे दत्तक घेता यावे काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असा मतभेद राहिला आणि बहुमताने नकार दिला. तृतीयपंथी स्त्री किंवा पुरुष यांनी भिन्नलिंगी व्यक्तीशी प्रचलित कायद्यान्वये विवाह करण्यास हरकत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. पुनर्विचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आले. जगात इतरत्र स्थिती निराळी आहे. २००१ साली नेदरलँड्सने असे विवाह प्रथम मान्य केले, आणि त्यानंतर अनेक देशांनी त्या मार्गाने जाणे पसंत केले.

आता वाचकहो, एक गोष्ट लक्षात घ्यावी. न्यायालयात गेलेली ही माणसे विवाहसंस्था मोडावी असे म्हणत नव्हती. आम्हांला तिच्यात घ्या असे म्हणत होती. आजारपणात रुग्णालयात कोणी सही करावयाची, मृत्यूनंतर घर कोणाकडे राहावयाचे, बँकेत वारस म्हणून कोणाचे नाव लावावयाचे, असे त्यांचे प्रश्न होते. ज्यांनी त्यांना विरोध केला तेही विवाहाला क्षुल्लक समजत नव्हते; ती वस्तू मोलाची आहे म्हणूनच तिची व्याख्या बदलू नये असे त्यांना वाटत होते. म्हणजे या वादात दोन्ही पक्षांनी विवाह गंभीरपणे घेतला. विवाहाचे मोल कमी होते ते अशा वादाने नव्हे. ते कोठे होते, हेच आपणांस शोधावयाचे आहे.

आपल्या शास्त्रांत विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक गणला जातो. गृह्यसूत्रांत व स्मृतींत त्याची मांडणी वधू आणि वर यांना धरूनच केलेली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याच शास्त्रांनी विवाहाचे आठ प्रकार सांगून त्यांत उच्च-नीच भाव केला, हेही तितकेच खरे. नुसते स्त्री-पुरुष एकत्र आले म्हणजे चांगला विवाह झाला असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही. कन्येचे मूल्य घेऊन केलेला विवाह, तिला बळाने नेऊन केलेला विवाह, ती निद्रेत वा बेशुद्ध असताना फसवून साधलेला संबंध, यांना त्यांनी खालची पायरी दिली. वराने धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत पत्नीला डावलून वागणार नाही अशी शपथ घ्यावयाची असते. सप्तपदीची पहिली सहा पावले अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी, आणि सातवे पाऊल सख्यासाठी. सर्व काही मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागावयाची, यात आपल्या संस्काराचे मर्म आहे.

गोमंतकात मात्र विवाहाची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक असून नसल्यासारखी असते. येथे अजूनही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी हा कायदा पुढे चालू ठेवण्यात आला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा येथे लागू केला गेला नाही. त्या संहितेने विवाह हा भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींनी कुटुंब स्थापन करण्यासाठी केलेला कायमचा करार मानला होता. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि नव्या विवाहविषयक कायद्याने व्याख्येतील 'कायमचा' हा शब्द काढून घटस्फोटाची वाट मोकळी केली. पुढे पोर्तुगालने १९६६ साली स्वतःची नवी संहिता केली आणि २०१० साली समलिंगी विवाहही मान्य केला. ज्या देशाने आपणांस हा कायदा दिला तो पुढे निघून गेला. त्याचा जुना कायदा मात्र पेडणे आणि डिचोलीच्या नोंदणी कार्यालयांत आजही जिवंत आहे. यावरून एवढे दिसते की कायद्यातील विवाहाची व्याख्या ही काळाप्रमाणे माणसेच करतात व माणसेच बदलतात. ती पुढे कशी असावी हे आपल्याकडे विधिमंडळ व संसद ठरवील.

या कायद्यात आपल्या लेकीबाळींच्या हिताचे पुष्कळ आहे. विवाहापूर्वी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर पती आणि पत्नी यांची मालमत्ता समाईक होते आणि तिचा अर्धा वाटा पत्नीचा असतो. घर वा जमीन विकावयाची तर तिची सही लागते. मुलीलाही मुलाबरोबर वारसा मिळतो. परंतु हे सारे नागरी नोंदणीवर उभे आहे. उभयतांनी कार्यालयात जाऊन प्रथम इच्छा नोंदवावयाची, मग कोणाची हरकत असल्यास ती यावी म्हणून सूचना लावली जाते, आणि ठरावीक मुदतीनंतर साक्षीदारांसह पुन्हा जाऊन दुसरी सही करावयाची. पहिली सही म्हणजे विवाह नव्हे. तीच लग्न समजून मुलगी निर्धास्त राहिली आणि दुसरी सही झालीच नाही, तर संकटाच्या दिवशी तिच्या हाती काहीच उरत नाही. मांडवाला, वाजंत्रीला व जेवणावळीला महिनोन्‌महिने धावणाऱ्या घरांनी या दुसऱ्या सहीसाठी अर्धा दिवस काढू नये, ही गोष्ट विवाहाच्या गांभीर्याशी मुळीच जुळत नाही.

पूर्वी सारे उत्तम होते, आज बिघडले, असे म्हणण्याचा मोहही आवरला पाहिजे. १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढी नोंदवून जो हुकूम निघाला, त्यात ठरावीक वयापर्यंत पत्नीला अपत्य किंवा पुत्र न झाल्यास पतीला दुसरी पत्नी करण्याची मुभा होती. सातव्या पावलाला सख्य मागणाऱ्या संस्काराशी हे कितपत जुळते, याचा विचार वाचकांनीच करावा.

याहून दुःखाची गोष्ट आपल्या देवळांच्या आवारातलीच आहे. गोव्यात आणि शेजारच्या सावंतवाडी भागात भाविणी व कलावंतिणी यांच्या मुलींना शेंसविधी करून देवाच्या सेवेला वाहत असत. तो विधी लग्नासारखाच होता. पण त्यानंतर त्या मुलीला पतीचे घर कधीच मिळावयाचे नव्हते. संस्काराचे सारे बाह्य रूप होते आणि त्यातील वचन मात्र कोणीच दिलेले नव्हते. या प्रथेविरुद्ध उभे राहिले ते त्याच समाजातील लोक. पैंगीणचे राजाराम रंगोजी पैंगीणकर यांनी त्या कामी आयुष्य वेचले आणि 'मी कोण?' या आत्मचरित्रात आपली हकीकत लिहून ठेवली. गोमंतक मराठा समाजाने मुलींना शिकविले, त्यांची रीतसर लग्ने लावली. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला तो १९३४ साली. विवाह ज्यांना नाकारला गेला होता, त्यांनीच त्याचे मोल सर्वांत अधिक ओळखले, ही गोष्ट देवस्थानाशी संबंध असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी विसरता कामा नये.

आता आजच्या मांडवाकडे वळू. मुहूर्ताची घटका टळते, कारण छायाचित्रकाराचा प्रकाश जमलेला नसतो. भटजींना मंत्र आटोपते घ्यावयास सांगितले जाते, सप्तपदी चालू असताना पंगती बसतात. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की, हिंदू विवाह हा गाणेबजावणे व खाणेपिणे यांचा प्रसंग नसून तो संस्कार आहे. त्या प्रकरणी विधी झालेलाच नव्हता, केवळ प्रमाणपत्र काढले होते. म्हणून तो विवाह न्यायालयाने मान्य केला नाही. हिंदू विवाह कायद्याखाली विधीवाचून कागद अपुरा पडतो, आणि आपल्या गोव्यात कागदावाचून विधी अपुरा पडतो. दोन्ही गोष्टी मनापासून कराव्यात, हेच खरे.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. एखाद्या मुलाचा वा मुलीचा कल विवाहाकडे नाही, किंवा तो निराळ्या प्रकारचा आहे, हे घरच्यांना कळते. तरीही 'लग्न झाले की सारे सुधारेल' असे म्हणून त्यांना बोहल्यावर उभे केले जाते आणि समोरच्या घराला काहीच सांगितले जात नाही. अशा लग्नात एका निरपराध जीवाचे आयुष्य पणाला लागते, आणि स्वतःचा मुलगाही जन्मभर खोट्यात राहतो. समलिंगी विवाहाविषयी आपले मत काहीही असो. लोकलज्जेसाठी संस्काराचा आडपडदा करणे हे त्या संस्काराचे अवमूल्यन आहे, यावर दुमत होऊ नये. अशा मुलाला घराबाहेर काढणे हाही धर्म नव्हे. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्याशीही सत्याने व दयेने वागावे, हीच आपल्या संतांची शिकवण आहे.

तेव्हा आधुनिक काळ विवाह गंभीरपणे घेतो काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात किंवा परदेशांत शोधण्याआधी ते आपल्या घरात शोधावे लागेल. विवाह कोणाचा असावा हे ठरविणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. आपल्या घरचा विवाह कसा असावा हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

या पाठाच्या शेवटी कुटुंबात बसून विचार करण्यासाठी काही प्रश्न देत आहोत :

१. आपल्या घरी ठरलेल्या विवाहात वधू-वरांची संमती मोकळेपणाने विचारली होती काय?

२. सप्तपदीच्या सात पावलांचा अर्थ आपल्या मुलांना सांगता येईल काय?

३. आपल्या घरातील प्रत्येक विवाहाची दुसरी सही झाली आहे काय? दाखला कोठे ठेवला आहे?

४. देवघेव व मानपान यांपायी कोणा मुलीच्या पित्यावर कर्जाचा बोजा पडला काय?

५. सख्यासाठी टाकलेले ते सातवे पाऊल आज आपण स्वतः किती पाळतो?

पुढच्या तुळशीलग्नाला अंतरपाट दूर होईल तेव्हा अक्षता टाकताना या प्रश्नांचे स्मरण व्हावे, एवढीच सर्व कुटुंबांस विनंती. इत्यलम्.