एसी मेकॅनिक? मुळीच वाईट नाही!

मे महिन्यात एसी बंद पडला की घराघरांत एकच प्रसंग घडतो. फोनावर फोन होतात, 'उद्या नक्की पाठवतो' असं उत्तर मिळतं आणि चार दिवसांनी मेकॅनिक उगवला की घरातले सगळे त्याच्या दिमतीला हजर. कुणी स्टूल धरतं, कुणी पाणी आणतं. त्याच घरातला दहावीचा मुलगा म्हणाला, 'मला आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड घ्यायचाय', तर मात्र आईचा चेहरा उतरतो आणि बाबा शेजारच्यांच्या मुलाचे टक्के सांगायला लागतात. जो माणूस मिळत नाही म्हणून आपण घामाघूम बसतो, तो व्हायला आपला मुलगा नको, असा हा मामला आहे. भावना बाजूला ठेवून जरा हिशेब मांडू.

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये 'इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन' जाहीर केला. त्या वेळी देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता. २०३७-३८ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल आणि थंडाव्याची एकूण मागणी वीस वर्षांत साधारण आठपट होईल, असा अंदाज त्यात आहे. एवढी वीज आणायची कुठून, हा प्रश्न त्याच कागदात आहे. म्हणून याच आराखड्याने थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचं आणि १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. एसी वाढणार आणि वीज मात्र त्या प्रमाणात वाढू द्यायची नाही, या दोन गोष्टींच्या कात्रीत पुढच्या वीस वर्षांची नोकरी दडलेली आहे. एसी विकणारे पुष्कळ मिळतील. कमी विजेत तेवढाच थंडावा देऊ शकणारे आजही कमी आहेत.

यातलं विज्ञान नववीच्या मुलालाही कळेल असं आहे. एसी थंडी 'तयार' करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. वाहून नेण्याचं काम निर्माण करण्यापेक्षा स्वस्त पडतं, त्यामुळे १ युनिट वीज खर्चून चांगला एसी ३ ते ५ युनिट उष्णता बाहेर काढतो. हेच चक्र उलटं फिरवलं की बाहेरची उष्णता आत येते. त्याला हीट पंप म्हणतात. आपला साधा गीझर १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो, हीट पंपवर चालणारा गीझर मात्र तेवढ्याच विजेत सुमारे तिप्पट. हॉटेलं, रुग्णालयं आणि वसतिगृहं, म्हणजे जिथे रोज हजारो लिटर गरम पाणी लागतं तिथे हे हीट पंप बसू लागले आहेत. गरम आणि गार ही दोन्ही कामं एकाच विद्येची आहेत, हे मुलांना आधी सांगा.

आता दुकानातल्या एसीवर चिकटवलेलं स्टार लेबल वाचायला शिका. तारे मोजून पुढे जाऊ नका, खालचे आकडे बघा. बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, वर्षाला १६०० तास वापर धरून किती युनिट लागतील ते तिथे छापायला लावतो. दीड टनाच्या तीन स्टार यंत्राला साधारण साडेनऊशे ते हजार युनिट आणि पाच स्टारला साडेसातशेच्या आसपास, असं गेली काही वर्षं दिसत आलं आहे. हे निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे कालचा पाच स्टार उद्या चार स्टार होतो. म्हणजे दर काही वर्षांनी कंपन्यांना कंप्रेसर, पंखा, कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड या सगळ्यांवर नव्याने डोकं खाजवावं लागतं. हे डोकं खाजवायला माणसं लागतात आणि ती फक्त मेकॅनिकलची असून भागत नाही. इन्व्हर्टर एसीचा जीव त्याच्या पीसीबीत, म्हणजे या इलेक्ट्रॉनिक कार्डात असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना या क्षेत्रात जागा नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आउटडोअर युनिटचं झाकण उघडून बघावं.

पंख्याचंच घ्या. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट खातो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गने बीएलडीसी मोटर वापरून २८ वॅटचा पंखा बाजारात रुजवला. घरातलं सर्वांत साधं यंत्र, आणि त्यातही वीज वाचवायला एवढी जागा शिल्लक होती.

आता ज्या वाटेला पालक सर्वांत जास्त बिचकतात, तिच्याविषयी थोडं सविस्तर. आयटीआयमधला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि गणित-विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण झालेल्याला तो घेता येतो. शासकीय आयटीआयची फी इतकी कमी असते की खासगी क्लासच्या एका महिन्याच्या खर्चाशी तिची तुलना करायलाही संकोच वाटतो. शिकायचं काय? तांब्याची नळी कापणं, फ्लेअर करणं, ब्रेझिंग, विजेची जोडणी, कंप्रेसरचा दोष ओळखणं. कागदावर हे किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात बाजारातले निम्मे घोटाळे इथेच होतात.

'गॅस संपलाय, भरून देतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरतो आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुढच्या उन्हाळ्याची स्वतःची सोय करून जातो, आणि जाताना आपले पैसे घेऊन जातो. चांगला तंत्रज्ञ आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधतो, मग व्हॅक्यूम पंप लावतो, मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली आकडा येईपर्यंत थांबतो आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. या अर्ध्या-पाऊण तासाचा कंटाळा करणाऱ्याच्या हातून बसवलेला पाच स्टार एसीही तीन स्टारसारखं बिल देतो. कार्यक्षमता कारखान्यात जन्मते आणि बऱ्याचदा भिंतीवर बसवताना मरते. ती वाचवणारा माणूस या धंद्यातला खरा इंजिनिअर, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

नीट शिकलेला तंत्रज्ञ लागण्याचं दुसरं कारण म्हणजे गॅस बदलत चालले आहेत. जुना आर-२२ आपल्याकडे २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडशी तुलना केली तर तो वातावरण सुमारे १८०० पट तापवतो, आर-४१०ए तर २००० पटींहून जास्त. आजच्या बहुतेक नव्या यंत्रांतला आर-३२ सुमारे ६७५ पट. किगाली करारावर भारताने २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे आणि त्यानुसार आर-४१०ए आणि आर-३२ यांच्या जातीच्या गॅसचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. पुढचा उमेदवार आहे आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. त्याची तापवण्याची ताकद नगण्य, पण तो पेट घेतो. गोदरेजने २०१२ मध्येच प्रोपेनवरचा घरगुती एसी भारतात आणला. अशा यंत्रावर अर्धशिक्षित माणसाने टॉर्च पेटवून काम करणं म्हणजे आगीला आमंत्रण. आज दहावीत असलेल्या मुलाच्या कामाच्या उमेदीच्या वर्षांतच हे सगळे बदल व्हायचे आहेत. जुन्या मेकॅनिकांना ते नव्याने शिकावे लागतील. नवा मुलगा शिकूनच येईल.

धोका आहे, तो लपवू नये. पंधराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर पट्टा न बांधता लोंबकळणारी मुलं आपण पाहतो. दाब तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर कंप्रेसरच्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. मुलाला ज्या ठिकाणी पाठवाल तिथे सेफ्टी बेल्ट मिळतो का, हा प्रश्न पगाराच्या आधी विचारा.

पगार सुरुवातीला बेताचाच असतो. उन्हाळ्यात उसंत नाही आणि पावसाळ्यात काम रोडावतं, हेही खरं. यावर उपाय म्हणजे घरगुती एसीपुरतं अडकून न राहणं. तीच विद्या नाशिककडच्या द्राक्षांच्या प्री-कूलिंगला लागते, औषधांच्या कारखान्यांना लागते, नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांना तर बारा महिने चोवीस तास लागते. मोठ्या इमारतींच्या चिलर किंवा व्हीआरएफ यंत्रणेवर हात बसलेला मुलगा सहसा रिकामा बसत नाही.

आणि आयटीआय म्हणजे रस्ता संपला, ही समजूत काढून टाका. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. उलट बाजूने, बी.ई. मेकॅनिकल होऊन 'कोअरमध्ये नोकरी नाही' म्हणणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी हीट लोडचं, म्हणजे खोलीतून किती उष्णता काढावी लागेल याचं गणित स्वतः करून पाहिलेलं असतं? इश्रे या व्यावसायिक संस्थेच्या विद्यार्थी शाखा अनेक कॉलेजांत आहेत. इमारतीचा वर्षभराचा वीजवापर संगणकावर काढून दाखवणारं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्वतःच्या घराचं मॉडेल करून, गच्चीला पांढरा रंग दिला तर बिल किती उतरतं ते दाखवणारा उमेदवार मुलाखतीत लक्षात राहतो. पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा ऊर्जा विज्ञान विभाग आहे, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आहे.

वास्तुकलेकडे जाणाऱ्यांनीही इथे कान द्यावा. नागपूर-अकोल्याची कोरडी झळ वाळ्याच्या ताट्यांनी आणि कूलरने आटोक्यात येते, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तोच कूलर मुंबईच्या दमट हवेत लावला तर खोली सर्द होते, थंडावा मिळत नाही. एवढं साधं हवामानाचं भान न ठेवता आपण दोन्हीकडे सारख्याच काचेच्या इमारती बांधतो! २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या 'इको निवास संहिते'ने घरांच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घालून दिली आहे. भिंत, सावली, वारा यांचं गणित जाणणारा आर्किटेक्ट एसीचा आकारच दीड टनावरून एकावर आणू शकतो. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत प्रतिष्ठेचं काम हेच आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी मागितलं जाणारंही.

अनुभव गाठीशी आला की बीईईची एनर्जी ऑडिटरची परीक्षा देता येते. पदवीधर इंजिनिअरला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

परदेशाबद्दल विचारणा हमखास होते. युरोपात गॅसचे बॉयलर काढून हीट पंप बसवण्याचं काम मोठं आहे आणि हात कमी आहेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. मात्र जर्मन भाषा बोलता आल्याशिवाय तिथल्या घरात शिरून बॉयलर उतरवता येत नाही, आणि भाषा सहा आठवड्यांत येत नाही. 'आधी लाखभर भरा, व्हिसा आम्ही बघतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

मुलींचं काय, असं आई हळूच विचारते. डिझाइन, सिम्युलेशन, ऑडिट, कारखान्यातली चाचणी प्रयोगशाळा, कुठेही अडचण नाही. साइटवरही मुली येऊ लागल्या आहेत. तिथे अडचण यंत्राची नाही, रात्रीच्या प्रवासाची आणि स्वच्छतागृहाची आहे. कंपनीला ते स्पष्ट विचारायला लाजू नका.

कुणी येऊ नये तेही सांगतो. ज्याला उंचीची भीती आहे किंवा हात काळे झालेले चालत नाहीत, त्याने दुरुस्तीची वाट टाळावी. ज्याला आकडेमोडीचा मनापासून तिटकारा आहे, त्याने या क्षेत्राचाच विचार सोडावा.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एकदा जाऊन या. व्हॅक्यूम पंप चालू आहे का, इन्व्हर्टर एसी उघडून शिकवतात का, गॅस हवेत न सोडता परत भरून घेणारं रिकव्हरी मशीन आहे का, अप्रेंटिसशिपला गेल्या वर्षी कोणत्या कंपन्या आल्या, हे तिथल्या मुलांना विचारा, प्राचार्यांना नंतर. यंत्रं धूळ खात पडलेली दिसली तर थोडं लांबचं, पण चालू वर्कशॉप असलेलं आयटीआय निवडा.