पाठदुखी आणि दुसरा बाण

दहिसरच्या आपल्या वस्त्यांत पाण्याचे हंडे, धुणीभांडी, बांधकामावरचे ओझे, लोकलचा उभ्याने प्रवास यांनी पाठ धरते. जुन्या पाठदुखीत ध्यानाचा उपयोग होतो का? २०१६ साली अमेरिकेत ३४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवडे सजगता-ध्यान आणि हलका योग शिकलेल्यांपैकी ६१ टक्क्यांची हालचाल सहा महिन्यांनंतर सुधारलेली होती. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते.

सल्लसुत्तात भगवान बुद्ध दोन बाण सांगतात. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या तळमळीचा. ध्यानाने आपण हा दुसरा बाण टाळायला शिकतो.

चटईवर उताणे पडा, गुडघ्यांखाली उशी घ्या. दहा मिनिटे श्वास पाहा. मग दुखऱ्या जागी लक्ष न्या. ठणका असो की ताण, नुसता पाहा. ‘उद्या कामावर कशी जाऊ?’ असे मनात आले की पुन्हा श्वासाकडे या. मांडी घालण्याचा हट्ट नको.

औषध स्वतःहून बंद करू नका. पाय बधिर वा लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर तत्काळ रुग्णालय गाठा. ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षय असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातला हंडा एकट्या बाईच्या कमरेवर का? आपण सारे मिळून उचलू.